बांधावर मोजता येईल अशी यादी

सरकारी अनुदानाच्या लाभार्थी यादीत बहुतेक वेळा चारच रकाने असतात: अनुक्रमांक, नाव, गाव, रक्कम. कुणाला किती मिळाले ते कळते. कशासाठी मिळाले आणि ते काम झाले का, ते कळत नाही. पॉवर टिलर किंवा पंप असेल तर एवढ्यावर भागते, कारण वस्तू अंगणात उभी असते आणि शेजाऱ्यांना दिसते. जमीन राखण्यासाठी, पाणी अडवण्यासाठी दिलेल्या पैशाची गत वेगळी आहे. बांधावर टाकलेली माती दोन पावसाळ्यांत जुन्या मातीत मिसळून जाते. सेंद्रिय शेतीचा पैसा तर शेतकऱ्याने युरिया टाकला नाही म्हणून मिळतो, आणि न टाकलेली गोणी दाखवायची कशी?

गोव्यात याला आणखी एक गाठ आहे. इथला भूसंधारणाचा मोठा पैसा शेतकऱ्याच्या खात्यात जातच नाही, तो खाजनाच्या बांधात जातो.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. मांडवी, झुआरी, साळ, शापोरा या नद्यांच्या काठांवर भरती-ओहोटीच्या पातळीतली जमीन शतकानुशतके मातीचे बांध घालून शेतीखाली आणली गेली. तीच खाजने, सुमारे १८ हजार हेक्टर. बांधात ठरावीक ठिकाणी मानस असते, म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने दारे बाहेर उघडतात आणि शेतातले पाणी निघून जाते. भरतीला बाहेरचे पाणी तीच दारे दाबून बंद करते. यंत्र नाही, वीज नाही. पावसाळ्यात मिठाचा अंश धुऊन गेला की कोरगुटसारखे खारे सोसणारे भात उभे राहते. बांध फुटला की खारे पाणी घुसते, सरदचे, म्हणजे पावसाळी, पीक जाते, आणि जमिनीतले मीठ एका पावसात उतरेलच असे नाही. त्यामुळे एका माणसाने आपल्या वाट्याचा बांध सांभाळून उपयोग नसतो. बांध सगळ्यांचा, म्हणून खर्चही सगळ्यांचा. पूर्वी तो गावकरी, म्हणजे कोमुनिदाद ही गावाची जुनी सामाईक संस्था, पाहत असे. कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कूळ संघांवर, म्हणजे जमीन कसणाऱ्या कुळांच्या संघटनांवर, आली. १९६४ चा कूळ कायदा आणि त्याखालचे कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे १९७५ चे नियम हा त्याचा पाया. देखरेख मामलेदाराची.

आता पैसा कुठून येतो ते पाहा. कृषी संचालनालयाचा मृदसंधारण विभाग बांधांची कामे काढतो. काही ठिकाणी जलस्रोत खाते काढते. निविदा निघते, कंत्राटदार नेमला जातो, बिल त्याला मिळते. कागदावर लाभार्थी म्हणून कूळ संघाचे किंवा नुसतेच खाजनाचे नाव असते. 'लाभार्थी शेतकऱ्यांची यादी द्या' असा अर्ज केलात तर या कामाचा एक रुपयाही त्या यादीत दिसणार नाही, आणि खाते खोटे बोलले असेही म्हणता येणार नाही. विचारणाऱ्याने चुकीचा कागद मागितला, एवढेच.

दुसरी बाजू पावणीची. मानशीवर मासे पकडण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी व्हावी ही जुनी रीत. मासा आत यायचा तर खारे पाणी आत यायला हवे. भात वाचवायचे तर ते बाहेर राहायला हवे. पावणी घेतलेल्याने भरतीला फळ्या उचलून धरल्या, ओहोटीला तोंडाशी जाळे लावले, की रात्रीत त्याचे वसूल होते. पण तेच पाणी जोराने आत-बाहेर करताना मानशीच्या दगडी बांधकामाला लागून असलेली माती खरवडते. दगड आणि माती यांचा सांधा हीच बांधातली सर्वांत कच्ची जागा. बांध मधोमध फुटण्याआधी मानशीच्या कुशीत ढासळतो, तो यामुळे. मग दुरुस्तीचा प्रस्ताव सरकारकडे जातो.

म्हणून एकट्या अनुदानाच्या यादीला अर्थ नाही. ती पावणीच्या हिशेबाशेजारी ठेवून वाचायची. या मानशीची पावणी कितीला गेली, त्यातले बांधावर किती खर्च झाले, आणि त्याच बांधावर सरकारने किती घातले, हे तीन आकडे एका ओळीत आले की बरेच काही आपोआप उलगडते. पावणी लहान आणि बांध लांब असेल तर सरकारी मदतीशिवाय गत्यंतर नाही हेही त्यातूनच सिद्ध होते. प्रामाणिक कूळ संघाला ही ओळ फायद्याचीच आहे.

कागद कोणते मागायचे?

पहिला, अंदाजपत्रक, त्यात बांधाचा आडवा छेद असतो. दुसरा, कार्यादेश. तिसरा, झालेल्या कामाची मोजमापे लिहिलेले मेजरमेंट बुक, ज्याला सगळे एमबी म्हणतात. चौथा, बिल आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. आणि पाचवा, ज्याचा बहुतेकांना विसर पडतो: काम सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या लेव्हल्स, म्हणजे जागेच्या उंचीची मोजमापे. या पाचव्या कागदाशिवाय उरलेले चारही आंधळे आहेत. का, ते आकड्यांनीच पाहू.

समजा १०० मीटर बांध. छेदात माथा १.५ मीटर, पाया ४.५ मीटर, उंची १.५ मीटर. माथा आणि पाया यांची सरासरी ३ मीटर, गुणिले उंची, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ ४.५ चौरस मीटर. शंभर मीटरला ४५० घनमीटर माती. पण तिथे मोकळे मैदान नव्हते, जुना झिजलेला बांध होता. त्याचा माथा १ मीटर, पाया ३.५ आणि उंची १.१ मीटर धरली तर छेद सुमारे २.४८ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २४८ घनमीटर माती जागेवर आधीच होती. नवी माती लागली साधारण २०२ घनमीटर. आधीच्या लेव्हल्स नसतील तर एमबीत ४५० लिहिले काय नि २०२ लिहिले काय, काम झाल्यावर उभा बांध दोन्ही वेळेस सारखाच दिसतो. बिल मात्र दुपटीहून जास्त.

ट्रकच्या खेपांवरूनही ताळा लागतो. सुटी माती दाबून बसवली की आकसते. चौथा हिस्सा जास्त धरला तर २०२ घनमीटर भरावाला अडीचशेच्या आसपास सुटी माती लागेल. पाच घनमीटरचा टिपर असेल तर पन्नासेक खेपा. ४५० चे बिल असेल तर ११२ खेपा व्हायला हव्या होत्या. गावातल्या अरुंद रस्त्यावरून पन्नास खेपा गेल्या की शंभर, हे नाक्यावरच्या गाडेवाल्याला कुणी न विचारताही ठाऊक असते.

माती कोणती, हाही प्रश्न आहे. खाजन बांधाला नदीकाठचा चिकट चिखल लागतो; तो कापून ढेपांनी रचतात आणि प्रत्येक थर बसू देतात. डोंगर उकरून आणलेली तांबडी माती स्वस्त आणि सोयीची पडते, दिसते टणक, पण पाणी पाझरू देते. बाहेरच्या बाजूने चिऱ्यांची पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, केली आणि आत चिखलाचा गाभाच नसला तर लाटेबरोबर चिऱ्यांच्या फटींतून माती निघून जाते आणि वर्षा-दोन वर्षांत चिरे पोकळीवर बसलेले दिसतात. दुसरी चूक चिखल काढण्याच्या जागेत होते. बांधाच्या पायथ्यालाच खड्डा मारला की पहिल्या मोठ्या पावसात बांध त्या खड्ड्यात सरकतो. तिसरी वेळेची. हे काम दिवाळीनंतर सुरू करून निवांत बसू द्यायचे असते. प्रत्यक्षात मंजुरी रेंगाळते, बिल मार्चएण्डला धरायचे असते आणि शेवटचे थर मे महिन्यात पडतात. जूनमध्ये पाऊस. ओल्या, न बसलेल्या भरावाला मग खेकड्याची बिळेही पुरतात. म्हणून यादीत रकमेबरोबर काम संपल्याची तारीख हवी. नुसत्या तारखेवरूनही जाणता माणूस कामाचे भवितव्य सांगू शकतो.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) मध्ये कामाची पाहणी आणि सामग्रीचे प्रमाणित नमुने घेणे हे दोन्ही हक्क लिहिलेले आहेत. म्हणजे बांधातल्या मातीचा नमुना अर्ज करून मागता येतो. हे कलम वापरलेले फार कमी दिसते.

आता यादी खुली करण्याच्या हक्काविषयी. २००५ च्या कायद्याचे कलम ४(१)(ब) खात्यांनी न मागता काय जाहीर करावे ते सांगते. त्यातला बारावा मुद्दा अनुदान योजनांचाच आहे: योजना कशी राबवली, किती रक्कम दिली आणि लाभार्थींचा तपशील. गोव्याला हे नवे नसावे, कारण केंद्राच्या कायद्याआधी, १९९७ मध्येच इथे राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता. तरीही अर्जाला 'ही व्यक्तिगत माहिती आहे' असे उत्तर येते. नोव्हेंबर २०२५ पासून हे उत्तर देणे आणखी सोपे झाले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(जे) आखडून टाकले. पूर्वी त्यात 'सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली' किंवा 'खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी' अशी अट होती, आणि विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही असे वाक्य होते. दोन्ही गेले. उरले ते फक्त 'वैयक्तिक माहिती'. हा बदल चुकीचा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, पण तो आहे आणि अर्ज त्याच्याकडे पाहूनच लिहायला हवा.

बदललेले नाही ते हे: कलम ४(१)(ब) चा बारावा मुद्दा जागेवर आहे. सार्वजनिक हित मोठे असेल तर सूट बाजूला ठेवून माहिती देता येते, असे सांगणारे कलम ८(२) जागेवर आहे. आणि कागदातला गोपनीय भाग झाकून उरलेला द्यायला सांगणारे कलम १० सुद्धा. अर्जात या तिन्हींचा उल्लेख करा. आधार क्रमांक, बँक खाते, फोन, जात, घरचा पत्ता यातले काही नको असे तुम्हीच आधी लिहा, म्हणजे नकाराला धरायला काही उरत नाही. मागायचे ते असे:

'अमुक आर्थिक वर्षात अमुक गावातील अमुक सर्व्हे नंबरांलगतच्या खाजन बांधावर आपल्या खात्याने केलेल्या प्रत्येक कामाचे नाव, योजनेचे नाव, बांधाची लांबी मीटरमध्ये, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम, कंत्राटदाराचे नाव, काम सुरू झाल्याची व संपल्याची तारीख, तसेच कामापूर्वीच्या व नंतरच्या लेव्हल्स आणि एमबीची संबंधित पाने.'

सर्व्हे नंबर एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमीन नोंदीच्या, उताऱ्यावरून घ्यायचा. गावाचे नाव पुरत नाही, कारण एकाच गावात तीन-चार खाजने असतात आणि स्थानिक नावे फाइलमध्ये तीन प्रकारे लिहिलेली सापडतात. 'सर्व माहिती द्या', 'भ्रष्टाचार झाला आहे का' असले प्रश्न टाळा. कायद्याने कागद मिळतात, मते मिळत नाहीत. अर्ज मराठीत चालतो. फाइल इंग्रजीतच निघते, तेवढी तयारी ठेवा.

शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवणे हे त्यांचे काम, तुम्ही नव्याने फिरायचे नाही. तरी शहाणपण यात आहे की टोंकच्या कृषी भवनात आणि जलस्रोत खात्यात, दोन्हीकडे त्याच सर्व्हे नंबरांसाठी वेगवेगळे अर्ज टाकावेत. एकाच बांधावर दोन खात्यांनी लागोपाठच्या वर्षांत काम दाखवले असेल तर ते असेच समजते, एका खात्याच्या फाइलमधून कधीच नाही. उत्तर नाकारले किंवा आलेच नाही तर ३० दिवसांत पहिले अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तिथेही जमले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. एमबीची झेरॉक्स मागण्याआधी पाहणी मागा. पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत आणि नेमकी कोणती पाने हवी ते कळते.

कूळ संघाचा हिशेब मागायला गेलात की 'आम्ही सरकारी कार्यालय नाही' असे ऐकायला मिळेल. वाद घालत बसू नका. मामलेदाराकडे अर्ज करा. एखाद्या कायद्याखाली जी माहिती सरकारी अधिकारी खासगी संस्थेकडून मागवू शकतो, तीही 'माहिती'च्या व्याख्येत येते, कलम २(एफ).

याहून सोपी एक वाट आहे, ती म्हणजे एलएक्यू, विधानसभेतला प्रश्न. आपल्या आमदाराने अतारांकित प्रश्न विचारला की उत्तराला तालुकावार जोडपत्रे येतात आणि ती विधानसभेच्या संकेतस्थळावर राहतात. अर्ज करण्याआधी ती चाळावीत. अर्धे उत्तर कधीकधी दोन वर्षांपूर्वीच दिलेले असते. फक्त त्यातही चार रकान्यांचीच सवय आहे, म्हणून आमदाराला प्रश्न लिहून देताना लांबी, सर्व्हे नंबर आणि तारखा हे शब्द त्यात घालायला सांगा.

नावे जाहीर करू नयेत असे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही, आणि ती गोव्यात जास्त कळते. इथे एक-चौदावर नाव एकाचे, कसतो दुसरा, आणि कूळ म्हणून दावा तिसऱ्याचा, असे कितीतरी तुकडे आहेत. 'शेती करणारा' म्हणून सरकारी यादीत नाव छापले की तोच कागद उद्या दाव्यात पुरावा म्हणून पुढे येईल, ही भीती जमीनमालकाला असते, आणि मालक तोंडी दिलेली जमीन काढून घेईल ही भीती कसणाऱ्याला. लहान शेतकऱ्याला मिळालेले चार हजार रुपये गावाने वाचून दाखवावेत, यातही काही मोठे लोकहित नाही.

युरोपात हा वाद न्यायालयात गेला. युरोपीय संघ शेती अनुदान घेणाऱ्या सगळ्यांची नावे आणि रकमा प्रसिद्ध करत असे. जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी आव्हान दिले आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी संघाच्या न्यायालयाने व्यक्तींच्या बाबतीत ते नियम रद्द केले. कारण असे दिले की रक्कम, मुदत, वारंवारता यांचा काहीच भेद न करता सरसकट नावे छापणे प्रमाणाबाहेर आहे. यादी छापणेच गैर, असे न्यायालय म्हणाले नाही. २०१३ च्या नियमांनी यादी परत आली, ती गाळणी लावून: अगदी लहान रकमांच्या लाभार्थींचे नाव झाकायचे, बाकीच्यांचे नाव, पालिका क्षेत्र आणि कोणत्या उपायासाठी किती रक्कम हे दोन वर्षे खुले ठेवायचे. अमेरिकेने वेगळी रेघ मारली. २००८ च्या शेती कायद्याचे कलम १६१९ शेतकऱ्याने दिलेला शेताचा तपशील आणि नकाशे झाकते, पण कुणाला किती पैसे दिले ते उघडे ठेवते. तिथल्या संधारण योजनांत त्यामुळे चमत्कारिक स्थिती होते: नाव कळते, रक्कम कळते, कोणत्या शिवारात काय केले ते कळत नाही.

आपल्याला याच्या उलटे हवे. खाजन बांधाच्या बाबतीत जागा आणि काम पूर्ण उघडे, कंत्राटदाराचे नाव उघडे, कूळ संघाचा हिशेब उघडा. सभासदांची वैयक्तिक नावे नसली तरी कुणाचे अडत नाही. व्यक्तीला थेट मिळणाऱ्या अनुदानात रकमेची एक मर्यादा ठरवून त्यावरची नावे द्यावीत, खालची नुसती गाववार संख्येने. पीएम किसानची गाववार यादी आज संकेतस्थळावर पाहता येते, तीही वर्षाला सहा हजारांच्या मदतीची. मग लाखांच्या कामाला गोपनीयता कसली?

सेंद्रिय आणि नैसर्गिक शेतीच्या पैशाचे काय, तर तिथे मोजायला बांध नाही. नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय मिशनमध्ये एकरी चार हजार रुपये, दोन वर्षे, एका एकरापर्यंत मिळतात. परंपरागत कृषी विकास योजनेत प्रमाणपत्र पीजीएस पद्धतीचे, म्हणजे किमान पाच शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांच्या शेताची तपासणी करून दिलेले. इथे माणसांच्या यादीपेक्षा गटाच्या तपासणीच्या तारखा आणि सर्व्हे नंबर मागा. सगळ्या शेतांची तपासणी एकाच दिवशी आणि तीही वायंगण, म्हणजे उन्हाळी पीक, कापल्यानंतर झालेली असेल, तर कुणी शेतात उतरले नव्हते.

आणि कागद हातात आले की बांधावर जायचे. पहिली फेरी ओहोटीला, टेप आणि एमबीची प्रत घेऊन: माथ्याची रुंदी दर वीस मीटरला मोजायची, सरासरी काढायची, एकाच ठिकाणी मोजून निष्कर्ष काढायचा नाही. नवा भराव पहिल्या पावसात थोडा बसतोच, तेवढी सूट धरायची. दुसरी फेरी अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या भरतीला, पाणी चढल्यावर. नदीकडे पाठ करून आतला पायथा पाहत चालायचे. जिथे माती ओली, काळी आणि पायाखाली लुसलुशीत लागते, तिथे बांध पाझरतो आहे. ती जागा मानशीपासून किती मीटरवर आहे ते लिहून घ्या आणि एमबीत त्या मीटरवर काय लिहिले आहे ते पाहा.